दुसऱ्या कानाबद्दल काय लिहिलंय? श्रवणदोषाची नोंद आणि कोडिंग शिकणाऱ्यांसाठी

रुग्ण ज्या कानाची तक्रार घेऊन येतो, नुसत्या त्या कानावरून कोड, म्हणजे आजाराचा ठरलेला क्रमांक, ठरत नाही. आमच्या रेकॉर्ड विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. ती मान डोलावतात आणि दुसऱ्या आठवड्यात 'उजव्या कानाला कमी ऐकू येतं' एवढ्या ओळीवर कोड टाकून मोकळी होतात. त्यांचा तरी काय दोष? केसपेपरवर लिहिलेलंच तेवढं असतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातली बरीच मुलं आता या कामात येत आहेत. कुणी इथल्याच रुग्णालयात क्लेमच्या टेबलावर बसतं, कुणी मेडिकल रेकॉर्डचा डिप्लोमा करून पुण्याला किंवा बंगळुरूला अमेरिकन बिलिंगचं काम धरतं. दोघांनाही कानाचे कोड सुरुवातीला सोपे वाटतात, कारण यादी छोटी आहे. पण घोटाळा त्या छोट्या यादीतच होतो.

एक खुलासा: कोडमधलं इंग्रजी अक्षर मी इथं देवनागरीत लिहिलं आहे. फॉर्मवर ते इंग्रजी मोठं अक्षरच असतं.

आधी विचारा, पुस्तक कुठलं?

इथल्या रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१० हे आजारांच्या कोडचं पुस्तक चालतं. विमा कंपनीच्या क्लेम फॉर्मवर जो आयसीडी-१० चा रकाना असतो, तो याच पुस्तकातून भरायचा. अमेरिकन काम असेल तर त्यांची स्वतःची आवृत्ती आहे, आयसीडी-१०-सीएम. मूळ सांगाडा तोच, पण तिथं उजवा-डावा वेगळा दाखवायला कोड लांब होतो. एका पुस्तकातला कोड दुसऱ्याच्या फॉर्मवर टाकला की संगणक तो नाकारतो. नाकारला तर नशीब म्हणायचं, कारण कधीकधी तो घेतो आणि अर्थ मात्र भलताच निघतो. आयसीडी-११ १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं आहे. त्यात श्रवणदोष एबी ५० पासून सुरू होतो आणि जन्मजात व नंतर आलेला असे दोन भाग आधीच वेगळे केले आहेत. आज टेबलावर लागेल ते दहाच, पण नाव ऐकून ठेवा.

कागद गोळा करा आणि ऑडिओग्राम स्वतः बघा

ईएनटी डॉक्टरांची नोंद, ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख), टिम्पॅनोग्राम (कानाच्या पडद्याची हालचाल मोजल्याचा आलेख) आणि भरती झाली असेल तर डिस्चार्ज समरी, हे चार कागद समोर असल्याशिवाय कोडला हात लावू नका. निदान डॉक्टरांनी लिहायचं, आपण नाही. मग ऑडिओग्राम कशाला वाचायचा? लिहिलेलं निदान आणि काढलेला आलेख एकमेकांशी जुळतात की नाही, ते पाहायला. जुळत नसेल तर प्रश्न विचारायचा. आपलं काम एवढंच, आणि ते कमी नाही.

आलेखात डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी वाढत जाते: २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत. वरून खाली डेसिबल वाढतात. खूण जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. हे उलटं वाटतं, सवय होते. उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्या कानाची निळी फुली. ही हवेतून आलेल्या आवाजाची चाचणी, म्हणजे हेडफोन लावून केलेली. हाडावर कंपक ठेवून केलेल्या चाचणीच्या खुणा कंसासारख्या असतात.

इथं माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका रुग्णालयात कानाच्या पडद्याच्या ऑपरेशनचा क्लेम माझ्याकडे आला. ऑडिओग्रामची झेरॉक्स होती, काळी-पांढरी. रंग गेले होते. मी फुली उजवी समजले. डिस्चार्ज समरीत डावा कान, फॉर्मवर उजवा. कंपनीनं खुलासा मागवला, तो पाठवायला आमच्याकडून उशीर झाला आणि निपाणीकडच्या एका तंबाखू कामगार बाईचे पैसे दोन महिने अडकले. तेव्हापासून मी रंग बघतच नाही, आकार बघते. गोल उजवा, फुली डावी. झेरॉक्समध्ये रंग जातो, आकार राहतो.

आता खुणांमधलं अंतर. हवेची रेष खाली गेली आहे आणि हाडाची वर, ठीक जागी आहे, दोघांत १० डेसिबलपेक्षा जास्त फट आहे, तर आवाज आतल्या कानापर्यंत पोचतानाच अडतो आहे. मळ, पडद्याला भोक, मधल्या कानात पाणी, हाडांची साखळी अडकणं, अशी त्याची कारणं. हा कंडक्टिव्ह. दोन्ही रेषा एकत्रच खाली गेल्या, फट नाही, तर दोष आतल्या कानात किंवा नसेत: सेन्सोरिन्यूरल. दोन्ही खाली आणि शिवाय फटही, तर मिक्स्ड. बघायचं ते एवढंच, पण दोन्ही कानांसाठी वेगवेगळं बघायचं.

आणि मग मास्किंग. नवी मंडळी हे सोडून देतात, पण दुसरा कान खरा लबाडी करतो तो इथंच. उजव्या कानाला हेडफोनमधून मोठा आवाज दिला की साधारण ४० डेसिबलच्या पुढे तो कवटीतून पलीकडच्या कानाला पोचायला लागतो. हाडावर कंपक ठेवला तर जवळजवळ लगेच. उजवा कान पूर्ण बंद असला तरी डावा ऐकतो, रुग्ण बटण दाबतो, आणि आलेखावर उजव्या कानात थोडं ऐकणं शिल्लक दिसतं. शाळेत शेजारच्याच्या पाटीवर बघून उत्तर लिहिणाऱ्या मुलासारखं. म्हणून ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची चाचणी करणारे तज्ज्ञ) चांगल्या कानात गुंजणारा आवाज सोडून त्याला गप्प बसवतात आणि मग मोजतात. अशा मास्क केलेल्या खुणा वेगळ्या असतात: उजव्या कानासाठी त्रिकोण, डाव्यासाठी चौकोन, हाडासाठी चौकोनी कंस. दोन कानांत मोठा फरक आहे आणि एकही त्रिकोण किंवा चौकोन दिसत नाही, तर तो अहवाल घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जा. भांडायला नाही, विचारायला.

गावातल्या शिबिरांचे ऑडिओग्राम आणखी जपून वाचा. शाळेच्या वर्गात टेबल मांडलेलं असतं, बाहेर टेंपो उभा, पलीकडे देवळात भोंगा. अशा ठिकाणी २५० आणि ५०० हर्ट्झच्या खुणा खाली घसरतात, आणि माणूस आहे त्यापेक्षा जास्त बहिरा दिसतो. शिबिराचा कागद चाळणीसाठी ठीक. निदानासाठी आवाजबंद खोलीतली चाचणी हवी, त्यावर ऑडिओलॉजिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक हवा.

कोड लावताना

मुख्य घर एच ९०. त्यात शून्य ते आठ असे नऊ कोड आहेत. पाठ करायची गरज नाही, तीन-तीनचे गट लक्षात ठेवा. पहिले तीन कंडक्टिव्हचे: ९०.० दोन्ही कान, ९०.१ एक कान, ९०.२ कुठला ते स्पष्ट नाही. पुढचे तीन सेन्सोरिन्यूरलचे: ९०.३ दोन्ही, ९०.४ एक, ९०.५ अस्पष्ट. शेवटचे तीन मिक्स्डचे: ९०.६, ९०.७, ९०.८, त्याच क्रमानं.

आता ९०.१, ९०.४ आणि ९०.७ ची पूर्ण व्याख्या वाचा. एक कान, 'आणि विरुद्ध बाजूचं ऐकणं अबाधित'. शेपटीला लटकलेले हे शब्द बहुतेक जण वाचतच नाहीत. म्हणजे ९०.४ लिहिलं की तुम्ही दोन गोष्टींची ग्वाही देताय: हा कान बिघडला आहे, आणि तो कान चांगला आहे. दुसऱ्या कानाची चाचणीच झाली नसेल तर ही ग्वाही कशाच्या जोरावर देणार?

एक उदाहरण घेऊ. उजवा कान: ५०० ला ५५, १००० ला ५५, २००० ला ६०, ४००० ला ६५ डेसिबल, हाडाची रेष जवळपास चिकटून. डावा कान: १५, २०, २०, २५. डॉक्टरांनी लिहिलं, उजवा सेन्सोरिन्यूरल, डावा सामान्य. ९०.४, निःशंक.

आता तोच उजवा कान, पण डाव्यात हवेची रेष ४५ वर आणि हाडाची १० वर. डावा कंडक्टिव्ह. रुग्णानं डाव्याची तक्रार केलीच नाही, कारण उजव्यापेक्षा तो बराय. ९०.४ चालणार नाही, दुसरा कान अबाधित नाही. ९०.३ चालणार नाही, दोन्ही सेन्सोरिन्यूरल नाहीत. ९०.६ पण नाही. मिक्स्ड म्हणजे एकाच कानात दोन्ही दोष. एका कानात एक आणि दुसऱ्यात दुसरा, हे मिक्स्ड नव्हे. ही चूक मी अनुभवी लोकांना करताना पाहिली आहे. आमच्याकडे अशा वेळी ९०.५ आणि ९०.२ हे दोन कोड लावतात आणि कुठला कोड कुठल्या कानाचा ते निदानाच्या ओळीत शब्दांत लिहितात. अमेरिकन आवृत्तीत ही अडचण ओळखून १ ऑक्टोबर २०१६ पासून वेगळं कुटुंबच आणलं, एच ९०.ए. एक कान असा आणि विरुद्ध कानही बाधित, असं सांगणारं. वरच्या रुग्णाला तिथं एच ९०.ए२१ आणि एच ९०.ए१२ लागतील: उजवा सेन्सोरिन्यूरल, डावा कंडक्टिव्ह. शेवटचा एक म्हणजे उजवा, दोन म्हणजे डावा. त्याच्या आधीचा आकडा प्रकार सांगतो: एक कंडक्टिव्ह, दोन सेन्सोरिन्यूरल, तीन मिक्स्ड.

दोन्ही कान सेन्सोरिन्यूरल, पण एक थोडा आणि एक फार? तरीही ९०.३. एच ९० ला दोष किती डेसिबलचा याच्याशी देणंघेणं नाही. म्हणूनच तीव्रता निदानाच्या ओळीत आकड्यांत लिहिलेली असावी. 'मॉडरेट' असा शब्द पुरत नाही. जुन्या पद्धतीत २६ ते ४० डेसिबल सौम्य धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रेणीत ३५ पासूनच मध्यम सुरू होतं. ३८ डेसिबलचा माणूस एका कागदावर सौम्य, दुसऱ्यावर मध्यम. आकडा मात्र ३८ च राहतो. सरासरीचंही तेच. ५०० ला ३०, १००० ला ४०, २००० ला ५० आणि ४००० ला ८० असेल, तर तीन पट्ट्यांची सरासरी ४० येते, चार पट्ट्यांची ५०. कुठल्या पट्ट्या धरल्या ते लिहिलेलं नसेल तर सरासरीला अर्थ नाही.

कारण लिहिलं असेल तर घर बदलतं

वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर असतो. उद्यमबागेत फौंड्री, प्रेस. तिथला वीस वर्षं काम केलेला माणूस येतो, डॉक्टर लिहितात 'आवाजामुळे आलेला दोन्ही कानांचा सेन्सोरिन्यूरल दोष'. नवा कोडर 'दोन्ही कान' आणि 'सेन्सोरिन्यूरल' हे दोन शब्द बघतो आणि ९०.३ टाकतो. चूक. एच ९० च्या शीर्षकाखाली 'यातून वगळलेले' अशी यादी आहे, ती आधी वाचायची. आवाजामुळे आलेला दोष एच ८३.३ मध्ये जातो. औषधामुळे आलेला एच ९१.० मध्ये. अचानक आलेला, कारण न सापडलेला एच ९१.२ मध्ये. हा फरक नुसता पुस्तकी नाही. कामगार भरपाईच्या कायद्यात आवाजामुळे येणारा श्रवणदोष व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. ९०.३ लिहिलं की त्या माणसाच्या कागदावरून त्याचा कारखानाच पुसला जातो.

पण उलटही खरं. डॉक्टरांनी कारण लिहिलं नसेल तर रुग्ण विणकर आहे म्हणून आपण ८३.३ टाकायचं नाही. आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसला तरी नाही. विचारायचं. तसंच ७८ वर्षांच्या आजी आहेत म्हणून आपल्या मनानं वार्धक्याचा ९१.१ लावायचा नाही. वय हा पुरावा, निदान नव्हे.

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र, त्यामुळे निवृत्त जवान आमच्याकडे बरेच येतात. त्यांच्यात एक गंमत बघा. उजव्या खांद्यावरून गोळीबार करणाऱ्याचा डावा कान बहुधा जास्त बिघडलेला असतो, कारण डावा कान नळीच्या तोंडाकडे आणि उजव्याला डोक्याचा आडोसा. तेव्हा 'दोन कानांत फरक आहे, अहवाल चुकला असेल' अशी घाई करू नका.

औषधाचा दोष असेल तर ९१.० सोबत औषधाचा कोडही जोडायचा. क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेतलेल्या जुन्या रुग्णांत हे दिसतं. त्या औषधांच्या गटासाठी वाय ४०.५.

कान वाहणाऱ्यांचं वेगळं. मधल्या कानाचा जुना पू असेल तर मूळ आजार एच ६६ मध्ये, आणि त्यामुळे आलेला कंडक्टिव्ह दोष एच ९० मध्ये, दोन्ही कोड लागतात. भरती ज्यासाठी झाली तो आधी. नुसता मळ असेल तर एच ६१.२, आणि मळ काढण्याआधी केलेल्या चाचणीवरून बहिरेपणाचा कोड लावू नये.

अचानक गेलेल्या कानाबाबत तारीख फार महत्त्वाची. ७२ तासांच्या आत, लागून असलेल्या तीन पट्ट्यांवर ३० डेसिबल किंवा जास्त ऐकणं गेलं, अशी त्याची रूढ व्याख्या आहे. उपचार जितका लवकर तितका बरा. तेव्हा 'काही दिवसांपासून' असं लिहिलेल्या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही.

रुग्ण काय म्हणतो, आणि आपण काय लिहितो

तारखेवरून आठवलं. आमच्याकडे तारखा कॅलेंडरात राहत नाहीत. 'कधीपासून ऐकू येत नाही?' विचारलं की खानापूरचा शेतकरी म्हणतो, 'नट्टी लावली तवापासनं.' म्हणजे भाताची रोपलावण, साधारण जुलै. पण विचारून घ्या, पाऊस उशिरा आला तर नट्टीही उशिरा. कुणी म्हणतं, 'यल्लमाच्या जत्रेपासनं.' सौंदत्तीला जत्रा एकाहून जास्त पौर्णिमांना भरते. कुठली ते विचारा आणि नोंदीत रुग्णाचे शब्द आणि त्यापुढे अंदाजे तारीख, दोन्ही लिहा.

'कान फुटलाय' हा सगळ्यात फसवा शब्द. आपल्याकडे कान फुटला म्हणजे कानातून पू यायला लागला. नवा माणूस त्याचं पडद्याला भोक असं भाषांतर करतो आणि एच ७२ कडे निघतो. पडद्याला भोक आहे की नाही हे डॉक्टर आत बघून ठरवतील. तुम्ही लिहा: कानातून स्राव, अमुक दिवसांपासून. 'कानाची नस सुकलीय' हेही तसंच. आधीच्या कुठल्यातरी डॉक्टरनं सोप्या भाषेत सांगितलेलं रुग्ण परत सांगतो. ते निदान म्हणून उतरवायचं नाही. 'कानात सुंऽऽ करायलंय' म्हणजे कानात आवाज येणं, त्याला एच ९३.१ हा वेगळा कोड आहे आणि तो श्रवणदोषाच्या बरोबरीनं जोडता येतो. डॉक्टरांच्या नोंदीत तो शब्द असला तर.

कन्नड बोलणाऱ्यांना विचारताना दोन शब्द पक्के करा: बल म्हणजे उजवा, एड म्हणजे डावा. आपल्या कानाला 'एड' हे 'येडं' असं लागतं आणि हसू येतं, पण बैलहोंगल किंवा गोकाकहून आलेल्या म्हाताऱ्याचा कान चुकला की हसू जातं. त्याहून सोपं म्हणजे रुग्णाला कानाला हात लावायला सांगा आणि त्याच्या बाजूनं उजवा-डावा ठरवा. समोर बसलेल्याचा उजवा आपल्या डाव्या हाताला असतो. ह्यात न लाजता दरवेळी खात्री करा, मी अजून करते.

आणि एक शब्द टाळा. मुका-बहिरा. कर्णबधिर लिहा. जन्मापासून ऐकू येत नसल्यानं बोलणं न आलेल्या मुलाचा घसा ठणठणीत असतो.

डॉक्टरांना विचारायचं कसं

विचारल्याशिवाय हे काम होत नाही, आणि विचारायला सगळे घाबरतात. ओपीडीच्या गर्दीत तोंडी विचारू नका. डॉक्टर 'हो हो' म्हणतील आणि कागद तसाच राहील. छोटी चिठ्ठी केसपेपरला लावा. मी अशी लिहिते: 'सर, ऑडिओग्राममध्ये डाव्या कानातही हवेची रेष ४५ डेसिबलवर आहे. निदानात फक्त उजव्या कानाचा उल्लेख आहे. डाव्या कानाबद्दल आपलं निदान लिहून सही करावी.' बस. 'डावा कंडक्टिव्ह लिहू का?' असं विचारायचं नाही. उत्तर आपण सुचवलं तर ते आपलं निदान झालं, त्यांचं नाही.

'शंका', 'संभाव्य', 'तपासणं बाकी' असे शब्द असतील तर अमेरिकन ओपीडीच्या कामात तो आजार कोड करता येत नाही. तिथं तक्रार किंवा लक्षण कोड करायचं. तपासणी सामान्य निघाली तरीही रुग्ण ज्यासाठी आला तेच राहतं, आजार नाही. आणि या सगळ्यात केसपेपरचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला 'हा कोड बरोबर आहे का गं?' असं विचारणं आजच बंद करा. रुग्णाचं नाव झाकलं तरी.

दिव्यांग प्रमाणपत्र आलं की हिशेब बदलतो

रेकॉर्ड विभागात ज्याची रांग सगळ्यात लांब, तो हा कागद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यांवर ७० डेसिबल दोष असेल तर कर्णबधिर, ६० ते ७० असेल तर श्रवणदोष, अशी व्याख्या आहे. दोन्ही कानांत. आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात.

टक्केवारीचा हिशेब असा: प्रत्येक कानाची टक्केवारी वेगळी काढतात, मग चांगल्या कानाची टक्केवारी पाचनं गुणतात, त्यात वाईट कानाची मिळवतात आणि सहानं भागतात. चांगल्या कानाची ४०, वाईट कानाची १०० असेल तर २०० अधिक १००, भागिले ६, म्हणजे ५० टक्के. आता एक कान पूर्ण गेला आणि दुसरा पूर्ण चांगला: शून्य अधिक १००, भागिले ६. सोळा टक्क्यांच्या जरा वर.

हे रुग्णाला पटत नाही. 'एक कान पार गेला तरी सोळाच?' हा प्रश्न मी मराठीत, कन्नडमध्ये आणि रडत रडतही ऐकला आहे. त्याला आकडेमोड कागदावर मांडून दाखवा, तेवढं आपल्या हातात आहे. आणि इथं दुसऱ्या कानाचं मोजमाप चुकलं तर काय होतं ते बघा. चांगल्या कानात १० टक्क्यांची चूक झाली तर अंतिम टक्केवारीत आठाहून जास्त फरक पडतो. वाईट कानात तेवढीच चूक झाली तर दोनही पडत नाही. वाईट कान जपून मोजला जातो, कारण तक्रार त्याची. चांगला कान घाईत उरकला जातो. खरं तर उलट हवं.

काही जण ऐकू येत असूनही बटण दाबत नाहीत, हेही खरं आहे. शुद्ध स्वरांची सरासरी ७० आणि शब्द मात्र ४५ डेसिबलवर बरोबर सांगतो, असं झालं तर अहवालावर 'विश्वासार्हता' चा शेरा हवा. शेरा ऑडिओलॉजिस्टनं लिहायचा. आपण कोणावर संशय नोंदवायचा नाही. लहान मुलांना बटण दाबता येत नाही, त्यांच्यासाठी बेरा चाचणीचा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते यंत्रानं मोजणाऱ्या) अहवाल लागतो.

सीमाभागातली खास भानगड म्हणजे पत्ता आणि नाव. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याचे रुग्ण बेळगावला जवळ म्हणून येतात. उपचार कर्नाटकात, आधार आणि रेशनकार्ड महाराष्ट्राचं. योजनेचा कागद भरण्याआधी पत्ता कुठल्या राज्याचा आणि कुठल्या जिल्ह्याचा ते बघा, मगच योजनेचं नाव लिहा. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या कागदावर एक नाव आणि नव्यावर दुसरं असतं. ते चालतं, फक्त एका फॉर्ममध्ये दोन्ही लिहू नका. नावाचं स्पेलिंग त्याहून त्रासाचं. आपल्या मारुतीचं नाव कर्नाटकातल्या कागदावर टी नंतर एच लावून येतं, शाळेच्या दाखल्यावर नुसत्या टीनं, आणि आधारवर आणखी तिसरं. ऑडिओग्रामवर नाव कसं टाकायचं? आधारवर आहे तसं. अक्षर न अक्षर. नोंदणीच्या खिडकीवर कन्नडमधून ऐकून लिहिलेलं नाव चाचणीच्या यंत्रात जातं आणि छापून येतं, म्हणून रुग्ण आवाजबंद खोलीत जायच्या आधी त्याचं कार्ड मागा. चाचणी झाल्यावर नाव बदलायचं तर ऑडिओलॉजिस्टची पुन्हा सही लागते, आणि दुपारी चारनंतर ते सापडत नाहीत.